नदीचं पाणी डोंगरावर ठरतं : जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये मांडलेला पाण्याचा हिशोब

आज 11 एप्रिल, महात्मा जोतीराव फुले यांची जयंती. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद हे सगळं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण ओढा लवकर का आटतो, विहिरीला पाणी येतं कुठून, शेतातली माती जाते कुठे, यावरही जोतीरावांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या आयुष्याची ही बाजू शेतकऱ्याच्या जास्त कामाची आहे.

घराणं दुष्काळी मुलखातलं

फुले घराण्याचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण, तालुका खटाव. तिथून पूर्वज पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आले आणि पुढे पुण्यात. पेशवाईत फुलं पुरवायचा धंदा होता, म्हणून मूळचं गोऱ्हे आडनाव मागे पडून फुले झालं.

खटावातून येरळा वाहते, पुरंदरातून कऱ्हा. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो पाऊस, आणि पूर्वेला येईपर्यंत ढग रिकामे. अशा मुलखात पाऊस थोडा आणि तोही दोन-चार मोठ्या सरींत पडून जातो. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरलं तर ठीक, नाहीतर दुपारी पूर आणि दुसऱ्या दिवशी कोरडी वाळू.

जोतीरावांचा जन्म 1827 चा. वडील गोविंदराव यांचा फुलं-भाजीचा धंदा आणि शेती. लहानपणी शाळा मध्येच सुटली तेव्हा जोतीरावांनी काही वर्षं मळ्यातच काम केलं. 1841 साली ते मिशनच्या शाळेत गेले.

धरणही पाहिलं, कालवाही वापरला

1848 मध्ये मुलींची शाळा काढणारे जोतीराव पोटासाठी सरकारी बांधकामांची कंत्राटं घेत. मुठा नदीवर खडकवासल्याचं धरण बांधलं जात होतं, त्या कामाला माल पुरवणाऱ्यांत तेही होते. धरण झाल्यावर कालव्याचं पाणी घ्यायला शेतकरी कचरत होते. जोतीरावांनी मांजरीच्या बाजूला जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली.

म्हणजे धरणाला त्यांचा विरोध नव्हता. पाणीपट्टी घेऊनही अधिकारी वेळेवर पाणी देत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. पाणी मोजून मिळावं म्हणून कालव्याला तोट्या बसवा, अशी त्यांची सूचना होती. पण कालवा भिजवतो त्याच्या खालची जमीन. वरच्या गावांचं काय, हा प्रश्न उरतच होता.

दुष्काळाने दाखवलेलं

1876-77 चा मोठा दुष्काळ पडला. गावंच्या गावं उठली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. तेव्हा जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासदही होते.

त्याच काळात डोंगरांचा कारभार बदलत होता. रेल्वेच्या स्लीपरांसाठी देशात झाडं तुटत होती आणि 1878 च्या कायद्याने जंगलावरचा सरकारचा ताबा आणखी घट्ट झाला. गावाची गायरानं आणि चराऊ डोंगर जंगल खात्याकडे गेले. जनावरांना चरायला जागा उरली नाही. जमीन पड टाकून विसावा द्यायची सोय शेतकऱ्याला राहिली नाही. हातात पैसा नाही, त्यामुळे ताली फुटल्या तरी दुरुस्त होईनात.

आसूडातला पाण्याचा हिशोब

1883 मध्ये जोतीरावांनी शेतकऱ्याचा आसूड लिहून पुरा केला. त्यातला पाण्याचा विचार डोंगरापासून सुरू होतो. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचं शेण पावसाबरोबर खालच्या शेतात उतरायचं आणि रान कसदार राहायचं. ते थांबलं आणि शेतातली मातीच वाहून जायला लागली, हे त्यांनी मांडलं.

उपायही त्यांनी वरून खाली सांगितले. जागोजाग ताली-बंधारे असे घाला, की पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्या-नाल्याला जाईल. हे काम रिकाम्या वेळात लष्कर आणि पोलिसांकडून करून घ्या, दरवर्षी दुरुस्ती करा. डोंगरदऱ्यांत सोयीच्या जागी तळी आणि लहान धरणं बांधा, म्हणजे नाले जास्त दिवस वाहतील आणि विहिरींना पाझर राहील. नदी-नाल्यातला, तलावातला गाळ शेतकऱ्याला शेतात नेऊ द्या. गायरानं गावाला परत द्या. जमिनीतले झरे शोधणाऱ्याला बक्षीस द्या.

आज पाणलोट विकासात हेच शिकवतात. उघड्या उतारावर पाणी पळतं, त्यामुळे पूर मोठा येतो आणि लगेच ओसरतो. गवत, झाडं आणि बांध असले की पाणी थांबतं, मुरतं आणि महिनोनमहिने पाझरत ओढ्याला येतं. पाऊस तेवढाच, पण नदीचं वागणं बदलतं. पाणलोटवाले माथा ते पायथा म्हणतात, तो क्रम आसूडातही दिसतो.

ऐकलं कोणी?

आसूडाचे भाग जोतीरावांनी पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे स्वतः वाचून दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. दीनबंधू पत्राने मात्र पहिले दोन भाग छापून पुढचे थांबवले. सरकारने लष्कराला काही बांधावर पाठवलं नाही. पुढे 1888 मध्ये जोतीरावांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला तर डाव्या हाताने त्यांनी शेवटचं पुस्तक लिहिलं. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले.

त्यानंतर गावोगाव बंडिंगची कामं झाली. 1972 च्या दुष्काळात लाखो हातांनी नालाबांध आणि पाझर तलाव घातले. पण त्यातले कितीतरी आज गाळाने भरलेत, कुठे ताली मोडून रान सपाट केलंय, कुठे डोंगर मुरमासाठी पोखरलाय. दरवर्षी दुरुस्ती करा, हा जोतीरावांच्या सांगण्यातला सगळ्यात साधा भाग, आणि तोच सुटलाय.

जयंतीला फोटोला हार घालून झाला, की गावच्या ओढ्याने वर माथ्यापर्यंत एक चक्कर मारावी. कुठला बांध फुटलाय, कुठल्या तळ्यात गाळ साचलाय, ते पाहावं. पावसाळ्याला दोन महिने आहेत, तेवढ्यात पुष्कळ काम होतं.