डिक्सन लेनचे ज्ञानबाबू

स्मरणिकेसाठी ह्या नगरीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळींनी सुचविले, तेव्हा प्रथम आमच्या मनात नेहमीचीच नावे आली. परंतु रवींद्रनाथ, स्वामी विवेकानंद, नेताजी ह्यांची चरित्रे मराठी वाचकांस मुखोद्गत आहेत आणि आपले सखाराम गणेश देउस्कर ह्यांच्यावर तर प्रत्येक मराठी अंकात कुणी ना कुणी लिहितेच. आमची निवड वेगळी ठरली, ती एका पत्रामुळे.

मंडळाच्या एका सभासद भगिनींची कन्या शिक्षणासाठी परदेशी असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने तिकडे एका संगीतवर्गात नाव घातले. तेथे ब्राझील देशातील सांबा ह्या नृत्यसंगीताची तालवाद्ये शिकवीत. पहिल्या दिवशी वाद्याला हातच लावू दिला नाही, सगळ्यांना उभे करून ताल तोंडाने म्हणावयास लावला आणि पावलांनी धरावयास लावला, असे तिने आईस कळविले. दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात सुर्दो नावाचा मोठा ढोल आला आणि तासभर ठराविक ठोक्यांखेरीज काहीही वाजवावयाचे नाही, अशी ताकीद मिळाली. लहानपणी आपल्या मंडळाच्या सुट्टीतील तबलावर्गात गुरुजी आधी बोल पाठ करून घेत, तेव्हा ही मुलगी रुसून बसत असे. ते रुसणे तिला तेथे, सातासमुद्रापलीकडे, आठवले.

रिओ नगरात १९२८ साली सांबाचे पहिले मंडळ निघाले. तेव्हापासून तेथील वस्त्यावस्त्यांतून अशी मंडळे आहेत. सुर्दो ताल तोलून धरतो, तांबोरिम नावाची तळहाताएवढी डफली काठीने कडकडते, आगोगोच्या घंटा मध्ये किणकिणतात आणि शिट्टी तोंडात धरलेला नायक शेकडो वादकांस एका श्वासात थांबवितो. पुण्याच्या ढोल-ताशा पथकात ताशाच्या इशाऱ्यावर ढोल फिरतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. परंतु आम्हांस त्या पत्रात दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटली. कुठल्याशा परक्या गावची मुलगी येते, फी भरते आणि एका दूरच्या समाजाचा ताल तिला कोणी आडपडदा न ठेवता शिकवितो. आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी हे इतके सोपे नव्हते. ते सोपे व्हावे म्हणून ज्यांनी ह्याच कलकत्त्यात आयुष्य वेचले, त्या पंडित ज्ञानप्रकाश घोष ह्यांचे स्मरण आम्हांस झाले.

(कोलकाता हे नाव २००१ सालापासून अधिकृत झाले, आमच्या पिढीच्या जिभेवर मात्र कलकत्ताच आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.)

ज्ञानबाबूंचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी ह्याच शहरात झाला. घराणे सधन, आणि धंदा वाद्यांचा. त्यांचे आजोबा द्वारकानाथ घोष ह्यांनी १८७५ साली वाद्यविक्रीची पेढी काढली. तीच पुढे द्वारकिन ह्या नावाने देशभर प्रसिद्धीस आली. पायाने भाता मारावयाची विलायती पेटी आपल्या बैठकीच्या पद्धतीस सोयीची नव्हती. हाताने भाता मारता येईल आणि मांडी घालून वाजविता येईल अशी पेटी बनवून ती घरोघर पोहोचविण्याचे श्रेय ह्या पेढीस दिले जाते. आपल्या भजनांत, कीर्तनांत, नाटकाच्या तालमीत जी पेटी आपण आपलीच समजतो, तिची एक वाट अशी ह्या कलकत्त्याच्या बाजारातून आलेली आहे.

तरुण ज्ञानप्रकाश मात्र वादक होण्याच्या वाटेवर नव्हते. स्कॉटिश चर्च कॉलेजातून ते पदवीधर झाले. फुटबॉल, हॉकी, पोलो, बिलियर्ड्‌स ह्या खेळांत ते रमत. चित्रकलेचाही नाद होता. सुखवस्तू घरातील सुशिक्षित तरुणाचे आयुष्य जसे जावे तसे ते चालले होते. फुटबॉलच्या एका सामन्यात त्यांच्या डोळ्यास इजा झाली आणि मैदान सुटले, कुंचलाही सुटला. जे डोळ्यांवर विसंबून होते ते गेले. कान आणि हात राहिले. अपघाताने मनुष्य घडतो असे म्हणण्याची आमची तयारी नाही, कारण संगीत त्यांच्या घरातच होते. पण छंदाचे व्रत झाले ते ह्या अपघातानंतर, एवढे खरे.

गायनाची तालीम त्यांनी गिरिजाशंकर चक्रवर्ती, महंमद सगीर खाँ आणि तानसेनाच्या परंपरेतील बीनकार महंमद दबीर खाँ ह्यांच्याकडे घेतली. तबल्यासाठी ते फरुखाबाद घराण्याचे उस्ताद मसीत खाँ ह्यांच्याकडे गेले आणि पंजाब घराण्याचे फिरोज खाँ ह्यांच्याकडूनही त्यांनी विद्या मिळविली. येथे थोडे थांबावयास हवे, कारण ही विद्या मिळविणे म्हणजे काय, हे आज वर्गाची फी भरून तबला शिकणाऱ्या मुलांना सांगितल्यावाचून कळणार नाही.

तबल्याच्या घराण्यात बोल, कायदे, रेले आणि गती ही मालमत्ता असे. फरुखाबाद घराण्याचे मूळपुरुष हाजी विलायत अली खाँ ह्यांचा विवाह लखनौच्या बख्शू खाँ ह्यांच्या कन्येशी झाला, तेव्हा सासऱ्याने जावयास हुंड्यात पाचशे गती दिल्या, अशी आख्यायिका सांगतात. आकडा खरा की खोटा ह्याचा वाद पंडितांनी घालावा. आम्हांस त्यातील हिशेब महत्त्वाचा वाटतो. ज्या समाजात गत हुंड्यात दिली जाते, त्या समाजात ती शेतजमिनीसारखी असते, दागिन्यासारखी असते. ती परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून जपली जाते. शागीर्दाला कायदा मिळे, पण त्याचा शेवटचा पलटा गुरूच्या मुलासाठी राखलेला असे. ह्यात केवळ कृपणपणा होता असेही नाही; त्या कुटुंबांच्या पोटाचा तो प्रश्न होता, हे विसरता कामा नये.

आणि दुसरी बाजू अशी की, भद्रलोकांच्या घरात तबला वाजविणे प्रतिष्ठेचे नव्हते. मैफिलीत गवई मध्यभागी बसे, तबलजी कडेला. कोठीवरच्या नाचगाण्याशी ह्या वाद्याचे नाव जोडलेले. तेव्हा एकीकडे दार आतून बंद, दुसरीकडे बाहेरच्यांना आत जाण्याची लाज, अशा काळात हा सधन घरातील पदवीधर तरुण मसीत खाँसाहेबांसमोर बसला. त्याने नुसते शिकून घेतले नाही. तो घराण्याच्या विद्येचा मानकरी ठरला. खाँसाहेबांचे पुत्र करामतुल्ला खाँ हेही कलकत्त्याचे नामांकित तबलावादक होते. पिता आणि गुरू ह्या दोन्ही नात्यांनी मसीत खाँ ह्यांनी ह्या शहरास तबल्याचे एक केंद्र करून दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

फरुखाबादचा बाज महाराष्ट्राला परका नाही. उस्ताद अहमदजान थिरकवा मुंबईत मुनीर खाँ ह्यांच्याकडे शिकले आणि पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी साथ केली, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांनी पिटातून आणि खुर्चीवरून जो तबला ऐकला त्यात ह्याच घराण्याची विद्या होती. दिल्लीच्या बाजात बोटांचे आणि किनारीचे काम, पूरबच्या बाजात खुल्या पंजाची आस. फरुखाबादने ह्या दोहोंचा मेळ घातला आणि गतीच्या रचनेत तर जवळजवळ काव्य निर्माण केले. पंजाबची विद्या निराळी, पखवाजाच्या अंगाने जाणारी, लयीच्या अवघड हिशेबांची. ज्ञानबाबूंच्या ठायी ही दोन्ही अंगे एकत्र आली.

सियालदहजवळच्या डिक्सन लेनमधील त्यांचे घर हे पुढे संगीताचे तीर्थक्षेत्रच झाले. भारतातून कलकत्त्यास येणारा क्वचितच एखादा मोठा कलावंत त्या घरी गेल्याशिवाय परतत असे. बडे गुलाम अली खाँ ह्यांचा तेथे मुक्काम असे. गवई गात, वादक वाजवीत, तरुण मुले कोपऱ्यात बसून ऐकत. एखाद्या शाळेत जे वर्षभरात शिकविता येत नाही, ते त्या दिवाणखान्यात कानावरून जाई. आम्हांला वाटते, ज्ञानबाबूंचे खरे कर्तृत्व व्यासपीठावर शोधू नये. ते त्या घरात होते. पुढे त्यांनी सौरभ अकादमी ही संगीतसंस्थाही स्थापन केली.

शिष्यांची नावे पाहिली म्हणजे हे पटते. तबल्यात कानाई दत्त, श्यामल बोस, शंकर घोष, अनिंदो चॅटर्जी, अभिजित बॅनर्जी. गायनात अजय चक्रवर्ती, अरुण भादुडी. कुणाचे घराणे पाहिले नाही, कुणाचे आडनाव विचारले नाही. शंकर घोष पुढे अमेरिकेत, उस्ताद अली अकबर खाँ ह्यांच्या कॅलिफोर्नियातील महाविद्यालयात तबला शिकवीत. ज्या गती एके काळी हुंड्यात दिल्या जात, त्या डिक्सन लेनमार्गे प्रशांत महासागराच्या काठावरच्या गोऱ्या विद्यार्थ्यांच्या वहीत गेल्या. जुन्या उस्तादांना हे रुचले असते की नाही, हा प्रश्न आम्ही मोकळाच ठेवतो.

आम्हां मराठी माणसांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे शिष्य म्हणजे निखिल घोष. बासरीचे बादशहा पन्नालाल घोष ह्यांचे हे धाकटे बंधू. ज्ञानबाबूंकडे शिकून ते मुंबईस गेले, तेथे अमीर हुसेन खाँ आणि थिरकवा खाँसाहेब ह्यांचीही तालीम त्यांनी घेतली आणि १९५६ साली अरुण संगीतालय काढले. तेच पुढे संगीत महाभारती झाले. आजचे विख्यात तबलावादक व अभ्यासक अनीश प्रधान हे निखिलबाबूंचे शिष्य. म्हणजे मुंबईस जी विद्या मुनीर खाँ ह्यांच्याकडून एका वाटेने आली, तीच कलकत्त्याहून दुसऱ्या वाटेने पुन्हा आली.

मैत्रीचीही एक मराठी कथा आहे. वाईचे पंडित वि. गो. जोग हे आकाशवाणीच्या निमित्ताने कलकत्त्यास आले आणि आयुष्याची अनेक दशके येथेच राहून २००४ साली येथेच निवर्तले. ज्ञानबाबूंची पेटी आणि जोगांचे व्हायोलिन अशी जुगलबंदी होत असे. मींड घेऊ शकणारे वाद्य आणि ती मुळीच न घेऊ शकणारे वाद्य ह्यांना समोरासमोर बसवावयाचे, हे धाडसच. ज्या आकाशवाणीने १९४० साली पेटीस दार बंद केले आणि तीसएक वर्षे ते किलकिलेही केले नाही, त्याच आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावर पेटीच्या कारखानदाराचा हा नातू पंधरा वर्षे संगीत निर्माता होता. नियतीची ही थट्टा त्यांनी कशी सोसली असेल, ह्याचे आम्हांस नेहमी कुतूहल वाटते.

बंगाली गीतांना त्यांनी चाली दिल्या, ‘जदुभट्ट’, ‘आंधारे आलो’, ‘राजलक्ष्मी ओ श्रीकांत’ अशा चित्रपटांना संगीत दिले. त्या कामाविषयी येथे विस्तार करीत नाही. स्पष्ट बोलावयाचे तर, इतक्या दिशांना त्यांनी हात घातला नसता तर एकट्या तबल्यातील त्यांचे नाव थिरकवा खाँसाहेबांच्या जोडीने घेतले गेले असते काय, असा विचार आमच्या मनात येतो. आठवणींचे त्यांचे ‘तहजीब-ए-मौसिकी’ हे बंगाली पुस्तक आहे. बंगाली वाचू शकणाऱ्या आपल्या मुलांनी ते अवश्य वाचावे.

परंतु एका कामाविषयी लिहिलेच पाहिजे. ‘ड्रम्स ऑफ इंडिया’ ह्या नावाने त्यांनी चर्मवाद्यांच्या वृंदाची ध्वनिमुद्रिका केली. गवई नाही, सतार नाही. ज्यांना आजवर कडेला बसविले तीच वाद्ये मध्यभागी. ‘चतुरंग’ ह्या त्यांच्या कार्यक्रमात तबला, पखवाज, कथक आणि तराणा एकत्र नांदत. वाचणाऱ्यास हे सोपे वाटेल, पण सांबाच्या वृंदात सर्व वाद्ये एकाच उत्सवासाठी घडलेली असतात. आपल्याकडे तसे नाही. तबला मैफिलीचा, पखवाज ध्रुपदाचा नि वारकऱ्यांचा, मातीच्या अंगाचा खोल वैष्णव कीर्तनाचा, ढोल जत्रेचा. प्रत्येकाचा स्वर निराळा, बोलांची भाषा निराळी, आणि पूर्वी तर वादकांची पंगतही निराळी. अशी वाद्ये समेवर एकत्र आणावयाची म्हणजे केवळ मात्रांचा हिशेब जमवून भागत नाही. कुणी किती गप्प बसावयाचे हे ठरवावे लागते. त्या मुलीला तासभर ठराविक ठोकेच वाजवावयास लावणाऱ्या परदेशी गुरुजींना हे ठाऊक असणार.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७४ साली आणि पद्मभूषण १९८४ साली मिळाले. १८ फेब्रुवारी १९९७ रोजी कलकत्त्यातच त्यांचे निधन झाले.

‘ड्रम्स ऑफ इंडिया’ची एक जुनी तबकडी आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मंडळाच्या ग्रंथालयास भेट दिली आहे. कडेला थोडे ओरखडे आहेत, पाकीट फाटले आहे, पण तबकडी शाबूत आहे. ती वाजविण्याचे यंत्र मात्र मंडळाकडे नाही. कुणा सभासदाच्या घरी चालू स्थितीतील ग्रामोफोन असेल, तर त्यांनी कृपया चिटणिसांस कळवावे. सुट्टीत ती मुलगी घरी येणार आहे, तेव्हा तबलावर्गाच्या मुलांसह एका संध्याकाळी ती ऐकावी, असा आमचा मानस आहे.