खराटा कोणाच्या हातात? संत गाडगेबाबांचे जीवन आणि आपले घर





दरवर्षी ६ डिसेंबरला आपण विहारात जमतो, मेणबत्त्या लावतो आणि बाबासाहेबांना अभिवादन करतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, महाराष्ट्राने आणखी एक मोठा माणूस गमावला. अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलापाशी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत हा दिवस सहसा नसतो. म्हणून या अंकात त्यांची आठवण करू या.

आठवण करण्याला आणखी एक कारण आहे. आपण ब्रिटनमध्ये राहतो. निरोगी राहणीमान, पर्यावरण, रिसायकलिंग हे शब्द मुलांच्या शाळेपासून ऑफिसपर्यंत रोज कानावर पडतात. अनेकांना वाटते की हे सारे इकडचे, नवे विचार आहेत. पण ज्यांनी कधी शाळेची पायरी चढली नाही अशा एका माणसाने आपल्याच मातीत, आपल्याच भाषेत हे आयुष्यभर जगून दाखवले. शिवाय इकडच्या माहितीपत्रकांत नसलेला एक प्रश्नही त्यांच्या खराट्याने विचारला: घाण कोणी काढायची?

डेबूजीचे बालपण

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जात परीट. म्हणजे गावाचे मळलेले कपडे धुण्याचे काम ज्यांच्या वाट्याला जन्मानेच आले अशा घरातला हा मुलगा. दुसऱ्याचा मळ आपल्या हाताने काढणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले. डेबूजी तेव्हा लहान होते. आई सखुबाई त्यांना घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आल्या. मामाच्या घरी डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला, शेतात राबले. याच काळात त्यांनी सावकाराचा फास जवळून पाहिला. कर्ज कशासाठी काढले जाते हेही पाहिले. सण आला की बकरा, बारसे आले की दारू, नवस फेडायचा तर पुन्हा बकरा. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले धान्य एका दिवसाच्या जेवणावळीत संपायचे आणि पुढचे वर्षभर घर व्याज भरत राहायचे.

लग्नानंतर डेबूजींच्या घरी मुलगी झाली. बारशाला भाऊबंद जमले. रीतीप्रमाणे मटण आणि दारूचा बेत असणार, असे सगळे धरून चालले होते. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. लोक रागावले, जातीची रीत मोडली म्हणून कुरकुरले. ते ढळले नाहीत. बाप ज्या वाटेने गेला ती वाट त्यांनी आपल्या घरापुरती तिथेच बंद केली.

आपण पंचशील ग्रहण करतो, तेव्हा पहिले शील प्राणिमात्रांविषयी आणि पाचवे मद्याविषयी असते. गाडगेबाबा औपचारिक अर्थाने बौद्ध नव्हते. त्यांच्या कीर्तनात गोपाळाचा गजर असे, हे आपण लपवण्याचे कारण नाही. पण ही दोन शीले त्यांनी भर पंगतीत, नातेवाइकांची नाराजी पत्करून पाळली. तुमच्या घरच्या वाढदिवसाला किंवा मित्रांच्या पार्टीला नाही म्हणणे किती अवघड जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा ते बारसे आठवा.

खापर, चिंध्या आणि खराटा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. पुढची पन्नास वर्षे ते महाराष्ट्रभर पायी फिरले. त्यांचा वेष तुम्ही चित्रात पाहिला असेल. अंगावर ठिकठिकाणच्या चिंध्या जोडून केलेले पांघरूण. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. हातात खराटा आणि काठी. डोक्यावर मातीच्या गाडग्याचे खापर. त्याच खापरात ते भाकरी घेत, त्यातच पाणी पीत आणि ऊन लागले की तेच डोक्यावर पालथे घालत. लोक त्या गाडग्यावरूनच त्यांना ओळखू लागले आणि डेबूजीचे गाडगेबाबा झाले.

या वेषात धम्माच्या अभ्यासकाला ओळखीचे काहीतरी दिसेल. भगवंतांच्या काळी भिक्खू पांसुकूल चीवर धारण करीत, म्हणजे लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्या धुऊन, शिवून केलेले वस्त्र. विनयपिटकातील चुल्लवग्गात कोसंबीच्या उदेन राजाची कथा आहे. राण्यांनी आनंद थेरांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हे काय करणार, अशी राजाला शंका आली. आनंदांनी हिशेबच दिला. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना ही वाटली जातील. जुन्या चीवरांची पांघरणे होतील, जुन्या पांघरणांच्या गाद्यांच्या खोळी, त्या विटल्या की जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. शेवटी त्या फडक्यांच्या चिंधड्या चिखलात मळून जमीन लिंपली जाईल. राजाचे समाधान झाले. रिसायकलिंग हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी संघाने वस्त्राचा एकही धागा वाया न घालवण्याची शिस्त पाळली होती. परटाच्या पोराने चिंध्यांचे पांघरूण घातले तेव्हा त्याला ही कथा ठाऊक होती की नव्हती, याने फरक पडत नाही. वाट तीच होती.

गाव झाडले की रात्री कीर्तन

गाडगेबाबा एखाद्या गावात शिरले की कोणाकडे मानपान मागत नसत. सरळ खराटा घेऊन रस्ता झाडायला लागत. गटार तुंबलेले असेल तर ते मोकळे करत. भाकरी हवी असेल तर आधी त्या घरचे काहीतरी काम करून देत. हळूहळू गावकऱ्यांना लाज वाटे, एकेक जण येऊन हात लावी आणि संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ होई. मग रात्री त्याच स्वच्छ जागेवर कीर्तन.

ते कीर्तनही वेगळेच. बाबा प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तरे काढून घेत. देवापुढे बकरा का कापायचा? कर्ज काढून सण कशाला? दारूने कोणाचे भले झाले? माणसाला शिवल्याने माणूस बाटतो कसा? आणि फिरून फिरून एकच आग्रह: पोटाला कमी खा, अंगावर जाडेभरडे घाला, पण मुलांना शिकवा. कोणी पाया पडायला आले तर काठी उगारत. सकाळी गाव उठण्याआधी पुढच्या गावाला निघून गेलेले असत.

लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधला. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांचीही सोय केली. या इमारतींत त्यांनी स्वतःच्या कुटुंबासाठी जागा ठेवली नाही. लाखो रुपये ज्यांच्या शब्दावर जमत, त्यांची स्वतःची मालमत्ता एक खापर आणि एक खराटा एवढीच राहिली.

बाबासाहेब आणि गाडगेबाबा

आता त्या प्रश्नाकडे येऊ, कारण आपल्यासाठी तो महत्त्वाचा आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की मेलेली जनावरे ओढू नका, मृत मांस खाऊ नका. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते ऐकले. गावाने बहिष्कार टाकला, मारहाण झाली, तरी त्यांनी ते काम सोडले. भारतात माणूस झाडूवाला होतो तो कामामुळे नव्हे तर जन्मामुळे, हे बाबासाहेबांनी पुढे लिहून दाखवले. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणे म्हणजे त्याच माणसांना त्याच कामात अडकवून ठेवणे आहे, हेही त्यांनी निक्षून सांगितले. बाबासाहेबांच्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात राजगृहाचा झाडूवाला सुनीत भेटतो. तथागतांनी त्याला त्याचे काम किती थोर आहे हे सांगितले नाही. त्याला संघात घेतले.

मग एकाने खराटा खाली ठेवायला सांगितला आणि दुसऱ्याने आयुष्यभर तो हातात धरला, असे असूनही या दोघांचे एवढे जुळले कसे?

याचे उत्तर गाडगेबाबांच्या कृतीतच आहे. त्यांनी कोणाला तू झाडत राहा असे सांगितले नाही. स्वतः झाडले आणि ज्या हातांना झाडण्याची कधी सवय नव्हती त्या हातांना झाडायला लावले. ज्याने घाण केली त्यानेच ती काढायची, हा त्यांचा साधा नियम. तो नियम सर्वांनी पाळला तर घाण काढणारी वेगळी जात उरतच नाही. बाबासाहेबांनी एका समाजावरचे ओझे उतरवले. गाडगेबाबांनी ते ज्याचे त्याच्या खांद्यावर दिले. ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांसाठी उभी केलेली चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, तिथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह व्हावे म्हणून. त्याच सुमारास बाबा आजारी असताना देशाचे कायदामंत्री असलेले बाबासाहेब घोंगड्या घेऊन त्यांना भेटायला गेले आणि कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, अशी हकीकत आजही आवर्जून सांगितली जाते.

आपल्या दारातला खराटा

आता आपल्या घराकडे पाहा. इथे जातीने झाडूवाला नाही. ठरलेल्या दिवशी कौन्सिलची गाडी येते, डबे रिकामे होतात, दार स्वच्छ दिसते. पण दारातून गेलेला कचरा संपत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जातो. आपण चॅरिटीच्या पिशवीत टाकलेल्या कपड्यांपैकी सगळेच इथल्या दुकानात विकले जात नाहीत. पाश्चात्त्य देशांतले जुने कपडे गठ्ठ्यांनी भारतातल्या पानिपतला जातात. तिथे कामगार ते हाताने निवडतात, फाडतात, त्यांचा पुन्हा धागा केला जातो, आणि त्या कामातला धुरळा त्यांच्या छातीत जातो. भारतात हाताने मैला साफ करण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तरी गटारात उतरून माणसे आजही मरतात आणि ती कोणत्या वस्तीतली असतात हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून आपल्यासाठी कमी कचरा करणे ही केवळ टापटिपीची बाब नाही. ती करुणेची आणि समतेची बाब आहे.

गाडगेबाबांच्या जीवनातून घेता येतील अशा काही गोष्टी या महिन्यात करून पाहा:

१. नवा कपडा घेण्याआधी जुना खरोखर फाटला आहे का ते पाहा. शिवता येत असेल तर शिवा. जुन्या सुती साडीची गोधडी, गोधडीचे पायपुसणे, ही आपल्या आज्यांची रीत आनंद थेरांच्या हिशेबापेक्षा वेगळी नव्हती.

२. कचरा स्वतः वेगळा करा. खरकटे लागलेला डबा न धुता रिसायकलिंगमध्ये टाकला तर त्याबरोबरचा चांगला कागदही वाया जातो. हे काम घरातल्या बाईवर टाकू नका. मुलांनी आणि पुरुषांनीही करावे.

३. स्वयंपाक मोजून करा. आठवड्यातले काही दिवस ज्वारीची भाकरी, पिठले, डाळ, पालेभाजी असे साधे जेवण ठेवा. खिशाला, शरीराला आणि पृथ्वीलाही ते सोसते.

४. आनंदाच्या प्रसंगी मद्य ठेवू नका. आग्रह झाला तर शांतपणे नाही म्हणा.

५. विहारातल्या भोजनदानाला घरून ताट-वाटी आणा. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२३ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटांवर आणि चमच्यांवर बंदी आहे. पण कागदी ताटांचे ढीग उचलायलाही कोणाचे तरी हात लागतातच. जेवण झाल्यावर आपले ताट आपण धुवावे आणि सभागृह झाडायला अध्यक्षांपासून बालकांपर्यंत सर्वांनी हात लावावा.

गाडगेबाबांच्या नावाने आज अमरावतीचे विद्यापीठ आहे. महाराष्ट्र शासनाचे ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने सुरू झाले. पण पाया पडणाऱ्यावर काठी उगारणाऱ्या माणसाला प्रतिमेपुढचा हार फारसा आवडला नसता. येत्या २० डिसेंबरला त्यांना अभिवादन करायचे असेल तर विहाराच्या आवारात एक तास आधी या. खराटे कमी असतील, तेव्हा शक्य तर आपला घेऊन या.

भवतु सब्ब मंगलं.
जय भीम!