भगतसिंग : एक जीवन आणि एक खटला

सप्टेंबर १९०७ मध्ये पंजाबातील लायलपूर जिल्ह्यातल्या बंगा या गावी भगतसिंग यांचा जन्म झाला. त्याच वर्षी त्यांचे काका अजितसिंग यांना ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांच्या आंदोलनाचे नेतृत्व केल्याबद्दल मंडालेच्या तुरुंगात धाडले होते. त्यासाठी ना आरोपपत्र दाखल झाले, ना सुनावणी झाली. १८१८ च्या एका जुन्या नियमाचा आधार सरकारला पुरेसा वाटला. न्यायालयाला वगळून दिलेल्या शिक्षेचे उदाहरण असे या मुलाच्या घरातच होते.

लाहोरच्या नॅशनल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९२६ साली स्थापन झालेल्या नौजवान भारत सभेत त्यांचा पुढाकार होता. १९२७ मध्ये, आदल्या वर्षीच्या दसऱ्याच्या बाँबस्फोटाच्या संशयावरून पोलिसांनी त्यांना पकडले आणि सुमारे पाच आठवडे कोठडीत ठेवले. पुरावा मिळाला नाही, तरी सुटकेसाठी ६० हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला. त्या काळी ही रक्कम एखाद्या सधन कुटुंबालाही पेलणारी नव्हती.

३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरमध्ये सायमन आयोगाविरोधी मिरवणुकीवर लाठीमार झाला. त्यात जखमी झालेल्या लाला लजपतराय यांचे १७ नोव्हेंबरला निधन झाले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १७ डिसेंबर रोजी, पोलिस अधिकारी साँडर्स यांची हत्या झाली. क्रांतिकारकांचा रोख खरे तर पोलिस अधीक्षक स्कॉट यांच्यावर होता. या कृत्यात भगतसिंग आणि शिवराम हरी राजगुरू यांचा सहभाग होता, हे इतिहासकार मान्य करतात. त्यामुळे पुढील खटल्यातील अन्यायाचा प्रश्न, हे कृत्य कोणी केले, एवढ्यापुरता राहत नाही. ते सिद्ध करण्यासाठी सरकारने आणि न्यायाधीशांनी कोणता मार्ग पत्करला, हा खरा प्रश्न आहे.

८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बाँब फेकले आणि पळून न जाता स्वतःला अटक करवून घेतली. १२ जून रोजी दोघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. दरम्यान लाहोरचे प्रकरण उभे राहिले आणि १० जुलैपासून विशेष दंडाधिकाऱ्यांसमोर त्याची सुनावणी सुरू झाली. राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी यासाठी आरोपींनी उपोषण आरंभले होते. त्यात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबरला जतीन दास यांचा मृत्यू झाला.

उपोषणामुळे आरोपी न्यायालयात आणता येत नव्हते. तेव्हा सरकारने त्यांच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची मुभा देणारे विधेयक आणले. त्याच सप्टेंबरात मोहम्मद अली जिना यांनी विधिमंडळात त्यावर कठोर टीका केली. विधेयक मंजूर करून घेणे सरकारला जमले नाही. मग व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी १ मे १९३० रोजी वटहुकूम काढला आणि लोकप्रतिनिधींकडून न मिळालेली गोष्ट एका सहीने मिळवली.

या वटहुकमाने तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायाधिकरण नेमले. (मराठीत या शब्दात न्याय आपसूक येतो, मूळ इंग्रजी शब्दात तो तसा दिसत नाही.) आरोपी हजर नसले तरी कामकाज चालवता येणार होते आणि निकालावर उच्च न्यायालयात अपील करता येणार नव्हते. वटहुकमाची मुदत सहा महिन्यांची होती. म्हणजे निकालाची अखेरची तारीख पहिल्या दिवसापासूनच ठरलेली होती.

लाहोर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर शादीलाल यांनी कोल्डस्ट्रीम, आगा हैदर आणि हिल्टन या तिघांची निवड केली. ५ मे रोजी पूंछ हाऊस या इमारतीत काम सुरू झाले. १२ मे रोजी आरोपींनी घोषणा देत गीते म्हटली, तेव्हा अध्यक्ष कोल्डस्ट्रीम यांनी त्यांना हातकड्या घालण्याचा हुकूम दिला. पोलिसांनी न्यायाधीशांच्या डोळ्यांदेखत आरोपींना मारहाण केली. त्या हुकमाशी आपला संबंध नाही, असे न्यायमूर्ती आगा हैदर यांनी लेखी नोंदवले. सरकारी साक्षीदारांना ते स्वतः नेमके प्रश्नही विचारत होते. आरोपींनी मात्र त्यानंतर न्यायालयात येणे नाकारले.

२१ जून रोजी न्यायाधिकरणाची पुनर्रचना झाली. कोल्डस्ट्रीम गेले, आणि आगा हैदरही गेले. हिल्टन अध्यक्ष झाले. टॅप आणि सर अब्दुल कादिर हे नवे सदस्य आले. मारहाणीला नापसंती दर्शवणारा न्यायाधीश बाहेर पडला, हे एवढेही या खटल्याविषयी पुष्कळ सांगून जाते. पुढचे काम बहुतांशी रिकाम्या पिंजऱ्यासमोर चालले. साक्षी नोंदल्या जात होत्या आणि उलटतपासणी जवळजवळ होतच नव्हती. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर आरोपांची मोठी भिस्त होती.

सप्टेंबरमध्ये वडील किशनसिंग यांनी घटनेच्या दिवशी आपला मुलगा लाहोरमध्ये नव्हता, असा अर्ज न्यायाधिकरणाकडे केला. भगतसिंगांनी वडिलांना पत्र लिहून त्याबद्दल तीव्र नाराजी कळवली. ७ ऑक्टोबर १९३० रोजी निकाल लागला. भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशी, सात जणांना जन्मठेप, दोघांना मुदतीची कैद आणि तिघांची मुक्तता. राजगुरू हे पुणे जिल्ह्यातील खेडचे. त्यांचे गाव पुढे राजगुरूनगर या नावाने ओळखले जाऊ लागले.

फेब्रुवारी १९३१ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी फेटाळली. आणीबाणी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकट्या गव्हर्नर जनरलचा, त्यात न्यायालयाने डोकावू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. वटहुकूम काढणाऱ्यालाच त्याच्या गरजेचा परीक्षक ठरवले गेले. शादीलाल यांची १९३४ मध्ये याच प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर नेमणूक झाली.

फाशीसाठी २४ मार्चचा दिवस मुक्रर होता. प्रत्यक्षात २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळीच लाहोर तुरुंगात तिघांना फाशी देण्यात आली आणि रात्री सतलजच्या काठी घाईघाईने अंत्यसंस्कार उरकण्यात आले. भगतसिंग तेव्हा तेवीस वर्षांचे होते.

२०१३ मध्ये लाहोर उच्च न्यायालयात हा खटला पुन्हा तपासावा अशी याचिका दाखल झाली. २०१४ मध्ये अनारकली पोलिस ठाण्यातील १९२८ ची मूळ फिर्याद उजेडात आली. साँडर्स यांच्या हत्येची ती नोंद दोन अज्ञात बंदूकधाऱ्यांविरुद्ध होती. भगतसिंग यांचे नाव तीत नव्हते.