सर रतन जमशेटजी टाटा
सर रतन जमशेटजी टाटा (२० जानेवारी १८७१ – ५ सप्टेंबर १९१८) हे मुंबईचे पारशी उद्योगपती, दानशूर आणि चिनी कलावस्तूंचे संग्राहक होते. जमशेटजी टाटा यांचे ते धाकटे पुत्र. अलीकडचे उद्योगपती रतन नवल टाटा (१९३७–२०२४) यांच्याशी नामसाम्यामुळे त्यांची वारंवार गल्लत होते.

त्यांचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. १८९२ मध्ये नवाजबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यांना अपत्य नव्हते. १९०६ मध्ये त्यांनी लंडनजवळ ट्विकनहॅम येथील यॉर्क हाउस हा वाडा विकत घेतला.

चिनी वस्तू पारशी घरांना नवख्या नव्हत्या. कापूस आणि अफूच्या व्यापारानिमित्त पारशी व्यापारी चीनला जात. जमशेटजीही १८५९ मध्ये हाँगकाँगला गेले होते. तथापि रतन टाटांची आवड हौशी खरेदीवर थांबली नाही. जेड पाषाणातील कोरीव वस्तूंचा त्यांनी विशेष संग्रह केला. शंखजिऱ्याच्या मऊ दगडावर नखाचाही ओरखडा उठतो, म्हणून त्यावर सुरीने नक्षी कोरता येते. जेड मात्र पोलादी पात्यालाही दाद देत नाही. त्याला कठीण वाळूच्या पुडीने घासून, झिजवून आकार द्यावा लागतो. एखाद्या पात्रामागे महिनोन्महिने जातात. शंखजिऱ्याची वस्तू जेड म्हणून खपवण्याचे प्रकार बाजारात नेहमीचेच असल्याने या छंदात पैशाइतकीच पारख लागते.

त्यांचे दातृत्वही मोठे होते. दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्यास त्यांनी एकूण १,२५,००० रुपये दिले. गोखले यांच्या भारत सेवक समाजाला साहाय्य केले आणि पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्चही उचलला. १९१६ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज येथे वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ब्रुकवूड येथे वडिलांशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या संपत्तीतून १९१९ मध्ये सर रतन टाटा विश्वस्त निधी उभा राहिला. कलासंग्रह त्यांनी मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमसाठी ठेवला होता; पण त्या वेळी संग्रहालयाची नवी इमारत युद्धकाळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली जात होती. १९२१ मध्ये संग्रह तेथे आला आणि १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. थोरले बंधू दोराबजी यांचा संग्रह १९३३ मध्ये त्यात दाखल झाला. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत दोघा भावांच्या चिनी वस्तू पाहावयास मिळतात.