मिरजेचे डॉक्टर वान्लेस

मोडनिंबच्या वाचकांस मिरज हें नांव नवें नाहीं. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९०६ सालीं पंढरपुरास व १९२७ सालीं मिरजेस पोहोंचली, आणि आपल्या गांवाहून थेट रुळानें तेथें जातां येऊं लागलें. त्या वाटेच्या शेवटीं मिशनचें जें रुग्णालय होतें, त्याचे संस्थापक डॉक्टर विल्यम वान्लेस यांचें चरित्र आम्ही आज सांगतों.

त्यांचा जन्म १८६५ सालीं कॅनडांत झाला. न्यूयॉर्क येथें वैद्यकी शिकून ते प्रेस्बिटेरियन मिशनतर्फें १८८९ सालीं पत्नी मेरीबाईंसह सांगलीस आले. पुढें मिरजेच्या बाजारांत त्यांनीं दवाखाना काढिला, आणि १८९४ सालीं रुग्णालय उघडिलें. इमारतीचें द्रव्य फिलाडेल्फियाचे कॉन्व्हर्स यांनीं दिलें. हे गृहस्थ आगगाडीचीं एंजिनें बांधणाऱ्या कारखान्याचे भागीदार होते. त्यांचा पैसा मिरजेस आला त्यानंतर तेहतीस वर्षांनीं आपली गाडी तेथें पोहोंचली, हें जातां जातां सांगून ठेवितों.

मोतीबिंदूच्या व पोटाच्या शस्त्रक्रियांमुळें डॉक्टरसाहेबांचें नांव दूरवर गेलें. सधन रोग्यांच्या फीचा उपयोग गरिबांच्या उपचारास होई. परंतु आम्हांस त्यांचें सर्वांत मोठें काम निराळें वाटतें. एका माणसाचे हात कितीसे पुरणार? म्हणून १८९७ सालीं त्यांनीं ख्रिस्ती तरुणांकरितां वैद्यकीची शाळा काढिली, आणि शस्त्र धरण्याची विद्या या देशाच्या मुलांच्या हातीं दिली. महारोग्यांसाठीं आश्रम झाला. १९२० सालीं क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम उघडलें. मधल्या काळांत, १९०६ सालीं, मेरीबाई निवर्तल्या. डॉक्टरसाहेबांनीं मिरज सोडिली नाहीं.

१९२८ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली व त्याच वर्षीं ते निवृत्त झाले. १९३३ सालीं अमेरिकेंत त्यांचा अंत झाला.

रुग्णालयास पुढें त्यांचेंच नांव मिळालें. १९६२ सालीं मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तेव्हां याच रुग्णालयाचा त्यास आधार होता. अलीकडच्या वर्षांत मात्र तें पैशाच्या अडचणींत सांपडलें. वेतनें थकलीं, खाटा ओस पडल्या. परदेशची देणगी आटली तेव्हां तिची जागा आपल्या मंडळ्यांनीं भरून काढिली नाहीं, असें आमचें मत आहे. तें कित्येकांस कडू लागेल.

सांगली व मिरज यांच्या दरम्यान त्या आरोग्यधामाभोंवतीं जी वस्ती झाली, तिला लोक आजही वान्लेसवाडी म्हणतात.