कप्तान शुन्साकु कुदो ह्यांचें चरित्र

दुसऱ्या महायुद्धांतील जपानी सैन्याचें नांव काढतांच आपल्या मनांत क्रौर्याच्या गोष्टी उभ्या राहतात, आणि त्या निराधार आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. त्याच जपानच्या आरमारांत शुन्साकु कुदो ह्या नांवाचे एक अधिकारी होऊन गेले. त्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों तें त्या गोष्टींवर पांघरूण घालण्यासाठीं नव्हे.

कुदो ह्यांचा जन्म १९०१ सालीं यामागाता प्रांतांत झाला. लहानपणीं घरच्या वडील माणसांकडून त्यांनीं १९०४ सालच्या रशिया-जपान युद्धांतील एक हकीकत ऐकिली होती. रशियाची रूरिक ही क्रूझर बुडाली, तेव्हां कामिमुरा नांवाच्या जपानी आरमारप्रमुखानें तिजवरील सहाशेंहून अधिक शत्रु पाण्यांतून काढून वांचविले. ही हकीकत त्या मुलाच्या मनांत किती खोल गेली होती हें पुढें दिसून आलें. १९२३ सालीं ते नाविक विद्यालयांतून उत्तीर्ण झाले. देहानें धिप्पाड व स्वभावानें सौम्य असल्यामुळें सोबती त्यांस महाबुद्ध म्हणून हांक मारीत.

१९४० सालीं इकाझुची ह्या विनाशिकेचें आधिपत्य त्यांजकडे आलें. विनाशिका म्हणजे ज्यांस इंग्रजींत डिस्ट्रॉयर म्हणतात तें जहाज. तिचा पत्रा पातळ असतो. चिलखत असें तिला जवळजवळ नसतेंच. तिचें सर्व बळ वेगांत. भर समुद्रांत ती थांबली कीं, पाणबुडीच्या टॉर्पेडोला आयतीच सांपडली म्हणावयाचें. जपानी जहाजांवर खलाशांना मारहाण करण्याची रीत सर्वत्र होती. कुदो ह्यांनीं आपल्या जहाजावर ती बंद केली. आमच्या मतें पुढील प्रसंगाचें बीज येथेंच आहे. जेथें धन्याच्या हातून चाकर मार खातो, तेथें त्या चाकराच्या हातून शत्रूला पाणी मिळण्याची आशा थोडीच.

१९४२ च्या फेब्रुवारीअखेर जावा समुद्रांत दोस्तांच्या आरमाराचा मोड झाला. १ मार्च रोजीं ब्रिटिश क्रूझर एक्सेटर व विनाशिका एन्काउंटर ह्या जपानी तोफांखालीं बुडाल्या. शेंकडों खलाशी समुद्रांत पडले. इंधनाच्या काळ्या तेलानें त्यांचे डोळे बंद झाले, आणि फुटक्या सामानाला धरून त्यांनीं ती रात्र काढिली. दुसऱ्या दिवशीं एक जपानी विनाशिका जवळ येतांना दिसली, तेव्हां आतां आपणांवर मशीनगन चालणार अशीच त्यांची समजूत झाली.

ती इकाझुची होती. ह्या पाण्यांत शत्रूच्या पाणबुड्या फिरत आहेत हें कुदो जाणून होते. त्यांच्या जहाजावर अवघे सुमारें २२० लोक, आणि पाण्यांत त्यांहून कितीतरी अधिक. तरी त्यांनीं इंजिनें थांबवून बचावाचें निशाण चढविण्याचा हुकूम दिला. दोर व शिड्या सोडल्या. पण कित्येकांच्या अंगीं दोर धरण्याचीहि शक्ति उरली नव्हती. तेव्हां जपानी खलाशी स्वतः खालीं उतरले, कांहींनीं समुद्रांत उड्याहि टाकिल्या. ज्यांच्याशीं काल लढाई झाली त्यांच्या अंगावरील तेल त्यांनीं कापसानें पुसून काढिलें, त्यांस कपडे दिले, बिस्किटें व दूध दिलें. पिण्याचें पाणी जहाजावर मोजकें असतें. तेंहि हात आंखडून दिलें नाहीं. एकंदर ४४२ जण वांचले. नंतर कुदो ह्यांनीं अधिकाऱ्यांस डेकवर बोलावून इंग्रजींत सांगितलें कीं, तुम्ही शौर्यानें लढलां, आज तुम्ही आमचे पाहुणे आहां.

पाहुणचार एका दिवसाचाच होता. दुसऱ्या दिवशीं हे लोक बोर्निओच्या किनाऱ्याजवळ जपान्यांनीं पकडलेल्या डच इस्पितळ-जहाजावर सोंपविले गेले, आणि पुढें बंदिवासाच्या छावण्यांत गेले. तेथें त्यांचे अतोनात हाल झाले व पुष्कळ जण मेले. कप्तानाचा अधिकार त्याच्या जहाजापुरताच असतो. परंतु जेवढा होता तेवढा कुदो ह्यांनीं पुरता वापरला.

त्याच वर्षीं त्यांची बदली हिबिकी ह्या विनाशिकेवर झाली, व पुढें किनाऱ्यावरील कामावर. १९४४ च्या एप्रिलांत अमेरिकन पाणबुडीनें इकाझुची बुडविली. तिजवरील एकहि मनुष्य वांचला नाहीं. समुद्रांत उड्या टाकून परक्यांस वर काढणारे खलाशी, त्यांपैकीं जे अद्याप त्या जहाजावर होते, ते सर्व गेले. त्यांस काढावयास कोणी नव्हतें. कप्तान तेवढे किनाऱ्यावर जिवंत राहिले.

हें शल्य त्यांच्या निवृत्तींतील आयुष्यावर पसरलें असें आम्हांस वाटतें. युद्धानंतर नव्या आरमारांतून बोलावणें आलें, तें त्यांनीं नाकारिलें. जुन्या सोबत्यांनीं मोठ्या कंपन्यांत जागा देऊं केल्या, त्याहि नाकारिल्या. कांहीं काळ गांवीं राहून ते सैतामा प्रांतांतील कावागुची शहरीं आले, व नात्यांतील एकीच्या दवाखान्यांत साधें काम करूं लागले. रोज सकाळीं देव्हाऱ्यापुढें बसून मेलेल्या सोबत्यांसाठीं ते प्रार्थना करीत. ४४२ जणांची गोष्ट मात्र त्यांनीं कोणास सांगितली नाहीं, घरच्यांसहि नाहीं. १९७९ च्या जानेवारींत ते वारले.

ती गोष्ट बाहेर आली ती वांचलेल्यांच्या तोंडून. एन्काउंटरवरील एक तरुण अधिकारी सॅम फॉल बंदिवासांतून जिवंत सुटले व पुढें ब्रिटनचे राजदूत झाले. १९८७ सालीं अमेरिकन आरमारी मासिकांत व १९९६ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं ती लिहिली. २००३ सालीं ते कप्तानाच्या कबरीचा व कुटुंबाचा शोध घेण्यासाठीं जपानांत गेले. पण त्या खेपेस पत्ता लागला नाहीं. पुढें शोध लागला, तेव्हां कुदो ह्यांच्या नातेवाइकांनीं ही हकीकत प्रथमच ऐकिली. २००८ च्या डिसेंबरांत, वयाच्या ८९ व्या वर्षीं, फॉल पुनः एवढा प्रवास करून कावागुचीस आले, आणि त्या कबरीपुढें उभे राहून त्यांनीं ६६ वर्षांपूर्वींच्या त्या दिवसाबद्दल कप्तानाचे आभार मानिले.