सोन्याची भूमी पारखणारे फूट साहेब

जर्मनीत र्युसेल्सहाइम नावाचे एक शहर आहे. ओपेल मोटारींचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. माझा भाचा तेथे नोकरीला असतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ कुठल्याशा जुन्या सोन्याच्या खाणीचे शेअर विकत आहेत. राजेरजवाड्यांच्या काळी तेथे सोने निघत होते, तेव्हा खाली अजून शिल्लक असलेच पाहिजे, असे त्यांचे सांगणे. मामा, थोडे पैसे घालू का, असे भाचा विचारीत होता.

मी त्याला म्हटले, तुझ्या गावाजवळून वाहणारी माइन नदी थोड्या अंतरावर ऱ्हाइनला मिळते. त्या ऱ्हाइनच्या वाळूतही सोने आहे. जर्मन राजांनी त्याची नाणी पाडली, पण वाळू धुणारी माणसे शेवटपर्यंत गरीबच राहिली. मग मी त्याला रॉबर्ट ब्रूस फूट यांची गोष्ट सांगितली. ती आपल्या वाचकांनाही आवडेल असे वाटते, कारण ती आपल्या पूर्वजांच्या मुलुखाजवळची आहे.

फूट यांचा जन्म 1834 साली इंग्लंडात चेल्टनहॅम येथे झाला. 1858 च्या अखेरीस ते हिंदुस्थानच्या भूगर्भ खात्यात रुजू झाले आणि मद्रासकडे आले. 30 मे 1863 रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना आदिमानवाची दगडी कुऱ्हाड सापडली. हिंदुस्थानात इतक्या प्राचीन काळी माणूस राहत होता हे तिच्यामुळे कळले आणि फूट यांचे नाव इतिहासात कायमचे झाले. पण ती त्यांची हौस होती. पगार मिळत होता तो खडक पाहण्याबद्दल.

1870 च्या आसपास ते दक्षिण महाराष्ट्रात फिरत होते. बेळगाव, धारवाड, कलादगी, कोल्हापूर संस्थान आणि पटवर्धनादी जहागिरदारांचा मुलूख त्यांनी पालथा घातला. गोकाकजवळ त्यांना एका नामशेष गेंड्याची हाडेही मिळाली. या सर्व प्रदेशाचा त्यांचा ग्रंथ 1876 साली निघाला.

येथे थोडे विषयांतर करतो. सह्याद्रीचा काळा दगड आणि आपल्या मॉरिशसचा काळा दगड हे एकाच घरचे. रियुनियनखाली जो तप्त झरा आहे असे शास्त्रज्ञ मानतात, त्यातूनच आधी दख्खनचा लाव्हा आला आणि फार पुढे आपले बेट. या काळ्या दगडात सोन्याची आशा नाही. बेळगावच्या दक्षिणेला तो दगड संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. सोने त्या जुन्या खडकांत आहे. फूट यांनी त्यांना धारवाडचे नाव दिले. दक्षिणेतील मुख्य सोनेधारी खडक हेच, हे त्यांनी 1888 साली लिहून ठेवले. आजही त्यांना धारवाडी खडकच म्हणतात.

गदगजवळच्या कप्पतगुड्ड डोंगराचा अहवाल मात्र त्यांनी 1874 सालीच दिला होता. त्या डोंगराच्या ओढ्यांत जालगार नावाचे लोक वाळू धुऊन सोन्याचे कण काढीत. सोरटूरचा ओढा त्यासाठी प्रसिद्ध होता. ऐकीव गोष्टींवर फूट यांनी भरवसा ठेवला नाही. ओढ्याची वाळू धुऊन पाहिली, सोने कोठल्या खडकावरून वाहून येते याचा माग काढला, गारेच्या शिरा पाहिल्या. सोने आहे एवढे त्यांनी मान्य केले. पण ओढ्यात कण दिसले म्हणून डोंगरात खजिना आहे, असे त्यांनी लिहिले नाही. नोकरी सरकारी होती, शेअर विकायचे नव्हते, म्हणूनही असेल.

शेअर विकणारे लवकरच आले. 1880 च्या सुमारास निलगिरीकडच्या वायनाडमध्ये सोन्याचा गाजावाजा झाला. ऑस्ट्रेलियातून आलेल्या ब्रफ स्मिथ नावाच्या तज्ज्ञाचा आशादायक अहवाल निघाला. लंडनमध्ये तीस-चाळीस कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांचे भांडवल चाळीस लाख पौंडांच्या पुढे गेले. कॉफीचे मळे सोन्याच्या भावाने विकले गेले. शिरेत टनामागे सरासरी किती सोने आहे हे नीट पाहण्याआधीच देवाळा आणि पंदलूरला यंत्रे चढली, बंगले उठले. थोड्याच वर्षांत सारे ओस पडले. मळे विकणारे सुटले आणि लंडनमधल्या लहानसहान लोकांची पुंजी बुडाली.

त्याच वेळी कोलारची उलट कथा घडत होती. हे कोलार एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते. 1880 साली निघालेल्या म्हैसूर कंपनीचे पैसे संपत आले आणि शेअर कवडीमोल झाले. खाण चालवणाऱ्या टेलर मंडळींनी भागधारकांची समजूत घालून उरलेले पैसे लावले. प्लमर नावाच्या खाणमास्तराने जुन्या लोकांच्या खणतीच्या खाली शोध घेतला आणि तेथे चँपियन शीर लागली. 2001 साली बंद होईपर्यंत कोलारने सुमारे आठशे टन सोने दिले.

मग जुनी खाण पाहून माणसाने काय समजावे? जुने लोक वेडे नव्हते. एका शिरेचा पाठलाग करीत ते खोल गेले असतील आणि पाण्याने अडवले असतील, तर खाली काही असू शकते. नुसते वरवर उकरून सोडले असेल, तर त्यांनाही परवडले नसेल. फूट 1887 च्या सुमारास म्हैसूरच्या सोनेभूमीवर फिरले, तेव्हा जुन्या खणतीकडे ते बारकाईने पाहत. दगडी कुऱ्हाडी शोधणाऱ्या माणसाला जुन्या माणसांची खूण वाचता येत होती.

1891 साली ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. पुढे बडोदे संस्थानचे काम केले, 1894 साली म्हैसूर संस्थानच्या नव्या भूगर्भ खात्याचे पहिले प्रमुख झाले. आपला दगडी हत्यारांचा मोठा संग्रह त्यांनी 1904 साली मद्रासच्या संग्रहालयाला विकला आणि येरकाडच्या टेकड्यांत राहिले. 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे स्मारक येरकाडच्या चर्चमध्ये आहे.

त्यांच्या हयातीतच गदगच्या डोंगरांवर कंपन्यांची झुंबड उडाली होती. शिरहट्टीचा भाग तेव्हा सांगलीकरांच्या संस्थानात होता, म्हणून तेथील एका खाणीला सांगली माइन हे नाव मिळाले. या कंपन्यांपैकी एकही कोलार झाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधीच तो बहर ओसरला. कप्पतगुड्ड 2019 साली अभयारण्य जाहीर झाले.

भाच्याने अजून पैसे भरलेले नाहीत. जुने लोक किती खोल गेले होते आणि तेथे का थांबले, असे त्याने त्या गृहस्थांना विचारले आहे. उत्तर यायचे आहे.